हाजी तुहामी शलबाया येऊन गेले

माणूस मरतो, ही गोष्ट सर्व धर्मांना आणि सर्व सरकारांना मान्य आहे. मतभेद आहे तो एवढाच, की त्याच्यासाठी आलेल्या लोकांना बसवायचं कुठे. या प्रश्नाचं उत्तर ज्याच्याजवळ असतं, तो आज ना उद्या देशाच्या कारभारात जातोच. त्याला कोणी अडवू शकत नाही, आणि अडवूही नये.

ज्या वर्षी माझी धाकटी बहीण अफ्कार हिचं लग्न शहाता अबू-दूमाशी झालं, त्या वर्षी हाजी तुहामी शलबाया अजून हाजी झाले नव्हते. मिन्यत तूतच्या बाजारात, कापसाच्या वखारीला लागून, त्यांचं मांडवाचं दुकान होतं. खांब, कनाती, रंगीत दिव्यांच्या माळा, कॉफीच्या किटल्या आणि लाकडी खुर्च्या. आमच्या कफ्र नब्का गावातला लग्नाचा मांडव त्यांचाच होता. शरबत वाटून झालं, ढोल तापला, आणि शहाताचे चुलते काठी फिरवत नाचता नाचता छातीवर हात ठेवून खाली बसले ते बसलेच. पुढे काय करायचं ते कोणाला सुचेना. बायकांना गायचं की रडायचं ते ठरवता येईना. तेवढे तुहामी शांत होते. त्यांनी रंगीत दिवे उतरवून पांढरे लावले, शरबताचे पेले उचलून बिनसाखरेची कॉफी ठेवली, ढोलवाल्याला एका बाजूने बाहेर काढलं, दुसऱ्या बाजूने कुराण वाचणाऱ्या शेख बयूमींना आत आणलं. जे लग्नाला आले होते ते बसल्या जागी दुखवट्याला आलेले झाले. एकाही पाहुण्याला उठावं लागलं नाही.

शहाता पुढे आयुष्यभर सांगायचा, "नवरदेव म्हणून बसलो, सुतकी म्हणून उठलो. भाडं एकाच मांडवाचं लागलं, हे मात्र खरं."

त्या दिवशी तुहामींना जे कळलं ते विद्यापीठात शिकवत नाहीत. सुख आणि दुःख यांत फरक फक्त दिव्यांचा आणि साखरेचा असतो. बाकी सामान तेच.

धंदा वाढला. आसपासच्या गावांत कोणी गेलं की आधी तुहामींना कळायचं, मग डॉक्टरला. (डॉक्टरकडून दाखला घ्यायला उशीर झाला तर चालतं, खुर्च्यांना उशीर झाला तर बेअब्रू होते.) प्रत्येक दुखवट्याला ते स्वतः हजर असत. शेवटचा माणूस उठेपर्यंत दाराशी उभे राहत, डोळे ओलसर, मान खाली, ओठ हलताहेत. लोक म्हणत, "बघा, सख्खा भाऊ निघून गेला नि मुलं घरी जाऊन जेवली, पण तुहामी अजून उभा आहे. दुवा मागतोय बिचारा." ते खुर्च्या मोजत होते. पण खुर्ची मोडलेली दिसली की त्यांना खरंच वाईट वाटायचं, आणि चेहऱ्यावरचं वाईट वाटणं कशासाठी आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. अशा रीतीने मिन्यत तूत आणि भोवतालच्या गावांत सर्वांत कनवाळू माणूस म्हणून त्यांचं नाव झालं.

मग निवडणूक आली. सूतगिरणीचे मालक, एक निवृत्त पोलीस अधिकारी आणि एक वकील असे तिघे उभे होते, आणि तिघांनी मांडव तुहामींकडूनच घेतले. तुहामींनी तिन्ही सभा पाहिल्या. माणसं तीच, खुर्च्या त्याच, कॉफीही तीच. फक्त पुढे उभा राहून बोलणारा बदलायचा. एवढ्याशा बदलासाठी लोकांनी एवढा खर्च करावा हे त्यांना पटेना. त्यांनी चौथा अर्ज भरला.

वकिलांनी रस्ता देतो म्हटलं, पोलीस अधिकाऱ्यांनी शिस्त देतो म्हटलं, गिरणीमालकांनी नोकऱ्या देतो म्हटलं. तुहामींनी काहीच देतो म्हटलं नाही. ते गावोगाव जाऊन माणसामाणसाला नावाने हाक मारत आणि म्हणत, "तुझी आई गेली तेव्हा थंडी होती, नाही रे? मधल्या रांगेतले लोक शाली घेऊन बसले होते." माणूस रडायचा. रडलेला माणूस मत बदलत नाही, असं माझं निरीक्षण आहे. ते निवडून आले, आणि त्यानंतर दर वेळी निवडून येत राहिले. मधल्या काळात सरकारी पक्षाने त्यांना आत घेतलं, त्यांनी हज केला, आणि दुकानावर मुलगा बसू लागला.

आता खासदार झालेला माणूस दुखवट्याला येतो त्याची एक पद्धत असते. ती कायद्यात लिहिलेली नाही, म्हणूनच ती सगळे पाळतात.

कुराण चालू असताना बोलायचं नाही. शेख एक रुबा, म्हणजे कुराणाचा एक ठरलेला भाग, वाचतात, साधारण पेलाभर कॉफी निवेपर्यंत. मग थांबतात, लोक उठतात, नवे येतात, पुन्हा वाचन सुरू. हाजी तुहामी नेहमी रुबा सुरू झाल्यावर येत. सगळे उठत, शेखचा आवाज चढे, कॉफी येई, हाजी डोळे मिटून मान हलवत. रुबा संपला की हाजी उठत. म्हणजे त्यांच्याशी बोलायला सापडण्याची एकच जागा उरते: दार. आणि दारात रांगेने उभे असतात ते मयताचे जवळचे नातेवाईक. हाजी प्रत्येकाचा हात हातात घेत, "राहणारा एक अल्लाच" म्हणत. नातेवाईकाने "आलात, उपकार झाले" म्हणायचं. या दोन वाक्यांच्या मध्ये एक वाक्य घुसवता येतं. एकच. आमच्या मतदारसंघाचं तक्रार निवारण केंद्र ते हेच.

मिन्यत तूतला हाजींचं रीतसर कार्यालयही होतं. तिथे उस्ताद वगदी नावाचे चिटणीस बसत. कोणीही गेलं की ते म्हणत, "हाजी दुखवट्याला गेलेत." हे कधीही खोटं नसे. एवढा खरं बोलणारा चिटणीस मी दुसरा पाहिला नाही.

तेव्हा आमच्या भागात कामं कशी झाली ते तुमच्या लक्षात येईल. ज्या घरात माणसं जास्त मेली त्या घरात नोकऱ्या जास्त लागल्या. हमामी घराण्यात एका वर्षात तिघे गेले. त्यांना टेलिफोन, पिठाच्या गिरणीचा परवाना आणि बदली, तिन्ही मिळालं. उलट लबीब मास्तरांच्या घरची माणसं चिवट. त्यांना पेन्शनसुद्धा वेळेवर मिळेना. निरोगी घराण्यांवर हा अन्याय आहे असं काही लोक म्हणत, पण निरोगी माणसाला सरकारकडून लागतं तरी काय?

कैरोतही हाजींनी हीच पद्धत चालवली. संसदेत ते बोलत नसत. कोणी सदस्य वारला की मात्र पहिल्या रांगेत हाजी. मंत्र्यांचे सासरे, सचिवांच्या आत्या, राज्यपालांचे जुने ड्रायव्हर, कोणालाही त्यांनी एकटं जाऊ दिलं नाही. वर बसलेल्या मोठ्या माणसांनाही शेवटी आई-बाप असतात, आणि तेही मरतात. अशा रीतीने हाजी चढत गेले, आणि 'ग्रामारोग्य व सांत्वन समिती' नावाची नवी समिती निघाली तेव्हा अध्यक्ष कोण यावर चर्चा झालीच नाही. देशाच्या आरोग्याचा परिणाम एवढ्या जवळून पाहिलेला दुसरा माणूस देशात नव्हता.

याच सुमारास शहाताच्या किडन्या गेल्या.

आमच्याकडे ही गोष्ट नवी नाही. कालव्याचं पाणी, फवारणीची औषधं, खारवलेलं जुनं चीज. डॉक्टर दर वेळी वेगळं कारण सांगतात, माणूस मात्र तसाच पिवळा पडतो. डायलिसिसचं मशीन जिल्ह्याच्या शहरात. आठवड्यातून तीनदा पहाटे मिनीबस धरायची, हातात सुई टोचून घेऊन पडायचं, आणि पिळलेल्या फडक्यासारखं संध्याकाळी परत यायचं. कालव्यावरच्या गचक्यांच्या रस्त्याने जे आत गेलेलं असायचं ते अर्धं बाहेर यायचं. एखादी फेरी चुकली की अंग सुजायचं आणि श्वास लागायचा. डॉक्टरने सांगितलं होतं, "फेऱ्या चुकवू नका. सलग दोन चुकल्या तर मला बोलवू नका."

कफ्र नब्काच्या सरकारी दवाखान्यात एक रिकामी खोली होती. वीज होती, नळ होता, कुलूप होतं. मशीन नव्हतं. एक मशीन त्या खोलीत आलं असतं तर शहाता पायी जाऊन, सुई घेऊन, दुपारी घरी येऊन बायकोशी भांडू शकला असता. आणि मशीन द्यायला एक सही पुरे होती, ती हाजी तुहामींची. सही मिळवायला हाजी यायला हवेत. हाजी यायला कोणी मरायला हवं. आणि त्या वर्षी कफ्र नब्कात, अल्लाच्या कृपेने म्हणायचं की कसं ते मला ठरवता येत नाही, कोणी मरेना.

गावाने धीर धरला. गावातली सर्वांत म्हातारी रौहिया आजी. तिच्या दारावरून जाताना लोक जरा थांबू लागले.

"आजी, बरं आहे ना?"

"बरं आहे."

"खोकला?"

"नाही."

"भूक लागते?"

"लागते. काल कबूतर खाल्लं," आजी म्हणाली, आणि मग चिडली. "मेल्यांनो, तुम्ही तब्येत विचारताय की तारीख?"

शहाता हे सगळं ओट्यावर बसून बघायचा. अफ्कारने चीजचा रांजण शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला होता, त्यामुळे त्याचा स्वभाव आधीच बिघडलेला. मला म्हणाला, "हे बघ, सगळ्यात सोपं मी मरणं. मी मेलो की हाजी येईल, तू रांगेत उभा राहून मशीन मागशील, मशीन येईल. मग फक्त त्याच्यावर झोपायला एक माणूस शोधा."

"तोंड बंद कर," आतून अफ्कार ओरडली.

"बघ. मरायची परवानगीसुद्धा आता हिच्याकडून घ्यायची."

शेवटी दुसूकी कसायाचे वडील गेले. गाव भल्या मनाने रडलं. दुसूकीशी आधीच बोलणं झालं होतं: रांगेत पहिला तो, हाजींचा हात त्याच्या हातात, आणि वाक्य असं: 'हाजी, दवाखान्यात डायलिसिसचं मशीन द्या.' त्याच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं. हाजी आले, बसले, कॉफी निवली, रुबा संपला. दुसूकीने हाजींचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि म्हणाला, "हाजी, माझ्या पोराला वीज कंपनीत चौकीदार लावा."

"झालं समज," हाजी म्हणाले, आणि वगदींकडे बघून भुवई उचलली.

गाडी गेल्यावर शहाता काठी टेकत दुसूकीसमोर उभा राहिला. "दुसूक्या, मशीन!"

"बाप माझा मेलाय, शहाता. तुझा मरेल तेव्हा तू माग."

"माझा बाप केव्हाच मेलाय!"

"मग तेव्हा घालवलीस संधी. त्याला मी काय करू?"

यात दुसूकीचं काही चुकलं असं गावात कोणालाच वाटलं नाही. न्यायाने बघता ते वाक्य त्याचंच होतं.

मार्ग काढला तो लबीब मास्तरांनी. मास्तर वर्तमानपत्र शेवटापासून वाचतात. आमच्याकडे शिकलेली माणसं आधी मयतांचं पान बघतात, मग देशाचं. त्या पानात त्यांना सापडलं: अलेक्झांड्रियाचे अभियंता नशअत फिक्री अल-गरबावी, मूळचे कफ्र नब्काचे. खाली व्याही, जावई, एक ब्रिगेडियर, दोन डॉक्टर, एका बँकेचे संचालक. पुरल्यालाही आठवडा झाला होता.

"पण हा आपला आहे?" मी विचारलं.

"छापलंय ना, मूळचे कफ्र नब्काचे. मूळ गावाने दुखवटा ठेवला तर कोण नाही म्हणेल?"

नियमाप्रमाणे यात काहीच खोट नव्हती. माणूस कुठेही पुरला तरी त्याच्या मूळ गावी दुखवटा बसतो. प्रश्न एवढाच होता की रांगेत उभं कोण राहणार. अभियंत्यांना गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. म्हाताऱ्यांना विचारलं तेव्हा रौहिया आजीला आठवलं की त्यांचे आजोबा कोणाला न सांगता गाव सोडून गेले होते, आणि जाताना अबू-दूमांचं गाढव घेऊन गेले होते, ते परत आलं नाही. म्हणजे अभियंता साहेबांच्या घराण्याशी गावातल्या एकाच घराण्याचा संबंध शाबीत होत होता, आणि तो शहाताच्या. रांगेत पहिला मान शहाताचा ठरला.

मांडव अर्थातच शलबायांच्या दुकानातून आला. इतका मोठा दुखवटा आमच्याकडे आधी झाला नव्हता. अनोळखी माणसासाठी रडणं जड जाईल असं मला वाटलं होतं, पण तसं नसतं. ओळखीच्या माणसाबद्दल मनात चार वाईट गोष्टी असतात. अनोळखी माणूस स्वच्छ असतो. गाव ओक्साबोक्शी रडलं. शहाता सुजलेल्या पायांत चुलत्याचे जुने बूट घालून, काळा कोट चढवून उभा होता. एरवी तो बसूनही दमायचा; त्या दिवशी मात्र 'बस' म्हटलं की डोळे वटारायचा.

हाजी तुहामी आले. बसले. डोळे मिटले (मधूनच एक डोळा उघडून त्यांनी दुसऱ्या रांगेतली एक कलती खुर्ची पाहिली). रुबा संपला. ते शहातासमोर आले, हात हातात घेतला, म्हणाले, "राहणारा एक अल्लाच."

शहाता म्हणाला, "हाजी, गावाच्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन पाहिजे. मला."

वाक्य पूर्ण गेलं होतं, मध्ये अडखळलं नव्हतं. हाजींनी हात सोडला नाही. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते खरे होते, मी अगदी जवळून पाहिले. म्हणाले, "आपलं दुःख विसरून गावासाठी मागतोस? झालं समज. अभियंता साहेबांच्या नावाने काहीतरी झालंच पाहिजे."

"गावासाठी नाही, माझ्यासाठी—"

पण ते दुसरं वाक्य होतं, आणि हाजी तोवर पुढच्याचा हात धरून होते.

काम झालं नाही असं म्हणणाऱ्यांनी आमच्या गावात येऊन बघावं. वर्षाच्या आत झालं. समितीने प्रश्नाचा साकल्याने विचार केला, आणि अहवालातला महत्त्वाचा भाग लबीब मास्तरांनी आम्हाला वाचून दाखवला. त्याचं म्हणणं असं: 'मशीनवर एका वेळी एक इसम झोपतो, सभागृहात एका वेळी तीनशे इसम बसतात. मशीनचा लाभ फक्त आजारी इसमास होतो. सभागृहाचा लाभ आजारी, निरोगी व मयत अशा तिन्ही वर्गांस होतो. मशीन चालवण्यास प्रशिक्षित माणूस लागतो. बसण्यास लागत नाही. मशीनवर जाणाऱ्या इसमाचे काही काळाने काय होते हे सर्वविदित असून, त्यापुढील सोय शासनाने आजवर केलेली नाही.' वाचून झाल्यावर आम्ही बराच वेळ त्यात चूक शोधली. सापडली नाही.

तर दवाखान्याला लागून 'अभियंता नशअत अल-गरबावी सांत्वन सभागृह' उभं राहिलं. संगमरवरी फरशी, पंखे, भिंतीत बसवलेले कर्णे. खुर्च्यांचं कंत्राट निविदा काढून दिलं. निविदा एकच आली. दवाखान्यातली रिकामी खोली मधली भिंत पाडून कॉफी करण्यासाठी सभागृहाला जोडली, कारण तिला नळ होता.

उद्घाटनाला हाजी आले. कोणी मेलं नसताना ते आमच्या गावी आले अशी ती पहिलीच वेळ, त्यामुळे लोक गोंधळले आणि सवयीने रांग लावून "आलात, उपकार झाले" म्हणू लागले. पण कुराण चालू नव्हतं. म्हणजे बोलायला बंदी नव्हती. शहाता पुढे गेला.

"हाजी, मी मशीन मागितलं होतं."

"शहाता! कसा आहेस?"

"मशीन, हाजी."

"अरे, मशीन बिघडतं रे बाबा. जिल्ह्याला बघ, निम्मी बंद आहेत. ही इमारत बिघडणार आहे का? तुझी नातवंडं बसतील इथे."

"मग मी करू काय?"

हाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नकोस. मी आहे ना. तुझ्या वेळेला मी स्वतः येईन. दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही."

घरी येताना शहाता कालव्यापाशी थांबला आणि म्हणाला, "ऐकलंस? स्वतः येईन म्हणाला."

"ऐकलं."

"हमामींच्या तिसऱ्या मयताला हाजींचा मुलगा आला होता फक्त."

तो चिडला होता की त्याला बरं वाटलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. मला विचाराल तर दोन्ही.

पुढच्या हातूर महिन्यात, थंडीच्या तोंडावर, निवडणूक लागली, आणि मतदानाचा दिवस शहाताच्या फेरीच्या दिवशीच आला. आधीची फेरी त्याची चुकली होती. प्रचाराची शेवटची सभा होती आणि मिन्यत तूतमधली झाडून सगळी वाहनं माणसं नेण्यात गुंतली होती. मतदानाच्या दिवशीही तसंच. सकाळी आमच्या दाराशी मिनीबस आली ती मतदारांना न्यायला, हाजींच्या फोटोची. अफ्कार ड्रायव्हरला म्हणाली, "ह्यांना जिल्ह्याला ने, माझ्या बाळा. माणूस सुजलाय."

ड्रायव्हर भला होता. म्हणाला, "ताई, गाडी आज मतदानासाठी आहे. केंद्रापर्यंत बसवतो. तिथून पुढे कोणी जात असेल तर बघू."

शहाता बसला. केंद्रावर त्याला खुर्चीसकट उचलून आत नेलं. बाहेर आला तेव्हा बोटाला शाई होती आणि बोट एवढं फुगलेलं की शाई ताणली गेली होती. पुढे कोणी जात नव्हतं.

मी त्याला विचारलं, "मत कोणाला दिलंस?"

श्वास घ्यायला थांबत थांबत म्हणाला, "कोणाला म्हणजे? दुसरा कोणी माझ्याकडे येणार आहे का?"

हाजी प्रचंड मतांनी निवडून आले. आमच्या केंद्रावर तर मतदारांपेक्षा दोन मतं जास्त पडली, यावरून प्रेमाची कल्पना यावी.

आणि हाजींनी शब्द पाळला. विजयाच्या मिरवणुका टाकून ते सांत्वन सभागृहात आले, मुलाला न पाठवता स्वतः. शेख बयूमींनी वाचायला घेतलं. रुबा संपला. लोक उठू लागले, आणि मग बघतात तर हाजी बसलेलेच. ते दुसऱ्या रुब्यालाही बसले! असं त्यांनी कोणासाठीच केलं नव्हतं, एका माजी मंत्र्याचा अपवाद सोडून. मिन्यत तूतच्या बाजारात आजही लोक मला ओळखतात ते याच कारणाने: 'ज्याच्यासाठी हाजी दोन रुबा बसले होते ना, तो ह्याचा मेहुणा.'

शहाताची मुलं कामासाठी कुवेतला. त्यांना पोचता आलं नाही. रांगेत पहिला मी होतो. माझ्या मागे लबीब मास्तर उभे होते, त्यांचा चेहरा त्या हिवाळ्यात पिवळा पडू लागला होता. दुसूकीची बायको आधीपासूनच जिल्ह्याच्या फेऱ्या करत होती. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "आता. मशीन. कॉफीची खोली परत मागायची, बस. एकच वाक्य."

हाजींनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मऊ, उबदार हात. म्हणाले, "राहणारा एक अल्लाच. शहाता माझा भाऊ होता."

मी म्हणालो, "दोन रुबा बसलात, हाजी. उपकार झाले."

घरी अफ्कार दारातच होती. "बोललास?"

"बोललो."

"काय?"

"उपकार झाले म्हटलं."

तिने माझ्याकडे पाहिलं, "कोणावर?" एवढंच विचारलं, आणि आत गेली.

आता तुम्ही दूर बसून आमच्या कफ्र नब्काला हसत असाल, तर एक छोटी चाचणी देतो. लिहून पाठवायची गरज नाही. तुमच्या गावात किंवा गल्लीत दवाखाना ज्याने आणला, त्या माणसाचं नाव सांगा. मग तुमच्या वडिलांच्या दुखवट्याला जो सर्वांत मोठा माणूस आला होता, त्याचं नाव सांगा. तो किती वेळ बसला तेही सांगा. दुसरं नाव आधी आठवलं असेल, तर तुमचं मत कुठे पडलं हे मी विचारणार नाही.

हाजी तुहामी शलबाया यांची प्रकृती उत्तम आहे. शहाता अबू-दूमा हातूर महिन्यात, मतदानानंतरच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या अजानीच्या आधी वारला.